फॅरडे लाटांचा प्रयोग: काल केऑस मिळाला, आज मिळत नाही

"मॅडम, काल संध्याकाळी मस्त केऑस मिळाला होता. आज तेच सेटिंग लावलंय, पण नुसती फुलासारखी नक्षी उभी राहिलीय, हलायचं नाव नाही."

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टचा हंगाम सुरू झाला की हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी माझ्या कानावर येतं. कधी तक्रार उलटी असते: काल नक्षी गुमान उभी होती, आज तिला थारा नाही. दर वेळी मी सोबत जाऊन बसते, अर्धा दिवस जातो, आणि शेवटी कारण निघतं ते जुन्यातलंच एखादं. म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवतेय. (केऑस म्हणजे नियमांनीच चालणारी, तरी पुढे नेमकं काय होईल ते सांगता येत नाही अशी अनियमित हालचाल.) माझा अनुभव स्पीकरवर ठेवलेल्या बशीतल्या पाण्याचा आहे. मोठ्या टाकीत फळी हलवून लाटा उठवणाऱ्यांना यातलं निम्मंच कामाला येईल.

बशीत काय चाललंय ते आधी. गोल बशीत सेंटिमीटरभर पाणी घेऊन ती उभ्या दिशेने वर-खाली हलवली की एका ठरावीक जोरापर्यंत पाणी बशीबरोबर निमूट वर-खाली होतं. तो उंबरठा ओलांडला की पृष्ठभागावर आपोआप उभ्या लाटा उठतात, आणि त्यांची वारंवारता बशीच्या वारंवारतेच्या बरोबर निम्मी असते. मायकेल फॅरडेने हे १८३१ मध्ये नोंदवलं. पुढे मॅथिसनने १८६८ मध्ये म्हटलं की छे, लाटा बशीच्याच ठेक्यावर हलतात. हा वाद लॉर्ड रॅलेने १८८३ मध्ये पुन्हा प्रयोग करून फॅरडेच्या बाजूने मिटवला. हा जुना वाद उगाच नाही काढला, मॅथिसनसारखी फसगत आमच्याकडेही होते. ते पुढे येईलच. १९५४ मध्ये बेंजामिन आणि अर्सेल यांनी दाखवलं की प्रत्येक नक्षीचं, म्हणजे मोडचं, गणित मॅथ्यू समीकरणावर येऊन थांबतं. झोपाळ्यावर उभं राहून एका फेरीत दोनदा गुडघे वाकवून झोका चढवतात ना, तोच प्रकार.

केऑसची गोष्ट १९८४-८५ची. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हॅवरफर्ड कॉलेजात सर्जिओ चिलिबेर्तो आणि जेरी गोलब यांनी वारंवारता अशी निवडली की दोन वेगळ्या नक्ष्यांचे उंबरठे जवळजवळ एकाच ठिकाणी यावेत. एक ४-३ मोड: परिघावरून फिरलात तर चार उंचवटे आणि चार खळगे, त्रिज्येवर तीन पट्टे. दुसरा ७-२: परिघावर सात, त्रिज्येवर दोन. दोघांच्या सीमा जिथे एकमेकींना छेदतात तिथे या नक्ष्या आळीपाळीने एकमेकींना दाबायला लागतात. ही ओढाताण लाटांच्या मानाने फार संथ असते. कधी ती घड्याळासारखी नियमित चालते, आणि जोर किंवा वारंवारता जराशी बदलली की केऑटिक होते. मराठी पुस्तकांत याला कोलाहल म्हणतात. आमच्या लॅबमध्ये मात्र केऑसच चालतं. कोलाहल म्हटलं की आवाज डोळ्यांसमोर येतो, आणि इथे आवाज (म्हणजे सिग्नलमधली निव्वळ यादृच्छिक खळबळ) आणि केऑस वेगळे काढण्यातच तर सगळा जीव जातो.

हाच प्रयोग मला कॉलेजसाठी सर्वांत योग्य वाटतो, कारण बशी हातभर अंतरावर असते आणि नक्ष्यांचं भांडण नुसत्या डोळ्यांनी दिसतं. आमच्या बशीचा आतला व्यास १२.७ सेंटिमीटर, म्हणजे ५ इंची अ‍ॅक्रिलिक पाइपाचा काप, आणि पाणी १० मिमी. आकडेमोड केली तर बशीची वारंवारता १५.७ हर्ट्‌झच्या आसपास असताना ४-३ मोड उठायला हवा आणि ७-२ मोड १५.९६ला. दोघांत अंतर अवघं पाव हर्ट्‌झ. हा पाव हर्ट्‌झ लक्षात ठेवा, पुढचं सगळं रडगाणं त्याच्याभोवती आहे.

तक्रार नीट मांडा

"रोज वेगळं दिसतं, मग तोच तर केऑस ना?" हा प्रश्न हमखास येतो. नाही. केऑसमध्ये दोन वेळच्या नोंदी एकावर एक ठेवल्या तर जुळत नाहीत, हे खरं. सुरुवातीचा केसाएवढा फरक वाढत वाढत दोन्ही नोंदींना वेगळीकडे नेतो. पण दोन्ही नोंदींचं पॉवर स्पेक्ट्रम (कोणत्या वारंवारतेचा किती वाटा) सारखं यायला हवं, सरासरी आयाम (लाटेची उंची) सारखा, फेज स्पेसमधली (म्हणजे नोंदीतली प्रत्येक अवस्था एकेक बिंदू म्हणून काढली की मिळणारी) आकृती सारखी. सोमवारी केऑस आणि मंगळवारी ठप्प नक्षी, याचा अर्थ तुमची बशीच मंगळवारी दुसरी झाली आहे.

म्हणून माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: उंबरठा किती आला? काल १५.७०ला जोर किती केल्यावर लाटा उठल्या, आज किती केल्यावर? नव्वद टक्के वेळा उत्तर येतं, "तो नाही मोजला." उंबरठा मोजल्याशिवाय केऑस शोधणं म्हणजे मीटर शून्यावर न आणता वाचन घेणं. रोज सकाळी एक वारंवारता ठरवून उंबरठा घ्या, दुपारी घ्या, उठताना पुन्हा घ्या. तिन्ही आकडे दोन टक्क्यांच्या आत नसतील तर त्या दिवशीचा डेटा केऑससाठी वापरू नका.

पाणी स्वच्छ आहे का (बहुतेक वेळा नसतं)

दोन वर्षांपूर्वी एका मुलीचा प्रयोग रोज सकाळी चालायचा आणि जेवणानंतर बंद पडायचा. आधी स्पीकरवर संशय घेतला, मग व्होल्टेजवर, मग शेजारच्या खोलीतल्या व्हॅक्यूम पंपावर. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी मी नुसतं बाजूला बसून बघत राहिले. जेवून आल्यावर तिने सवयीने तर्जनीचं टोक पाण्याला लावलं, पातळी काठाला टेकलीय का ते चाचपायला. त्याआधी नुकतीच वेणी सारखी केलेली. बोटाला खोबरेल तेलाचा अंश असणारच. बशीतल्या लाटा आमच्या डोळ्यांदेखत पंधरा-वीस सेकंदांत मरून गेल्या. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, आणि खरं तर माझाही. तीन दिवस मी पंपाला शिव्या घालत होते.

स्वच्छ पाण्याचा पृष्ठीय ताण २५ अंशांना ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. तेल, साबण, त्वचेवरचा चिकटपणा, धूळ, यांचा अदृश्य पापुद्रा धरला की तो झरझर उतरतो. समजा ६०वर आला. आमच्या बशीत दोन्ही मोड साधारण ०.३ हर्ट्‌झने खाली घसरतात. दोघांतलं अंतर पाव हर्ट्‌झ आणि घसरण त्याहून मोठी! म्हणजे काल तुम्ही दोन उंबरठ्यांच्या मधोमध उभे होतात, आज जनरेटरवर तोच आकडा असून तुम्ही दोघांच्याही पलीकडे गेलात. शिवाय पापुद्रा पृष्ठभागाला ताणायला विरोध करतो, त्यामुळे अवमंदन (लाटा विझण्याचा वेग) दुप्पट किंवा त्याहूनही जास्त होतं आणि उंबरठा तितकाच वर चढतो. तापमानाने ताण फारसा बदलत नाही, २०वरून ३० अंशांवर गेलात तर दीड एककाने. मात्र पाण्याचा चिकटपणा त्याच दहा अंशांत २० टक्क्यांनी उतरतो, तेव्हा थर्मामीटर बशीशेजारी हवाच.

स्वच्छता ओळखायची युक्ती सोपी आहे. चांगल्या लाटा उठवा, अ‍ॅम्प्लिफायर झटक्यात बंद करा आणि लाटा विझताना नोंद घ्या. आमच्या बशीत ताज्या पाण्याला आयाम एकतृतीयांशाच्या थोडा वर यायला सुमारे ४ सेकंद लागतात. पाणी बिघडलं की तोच काळ २ सेकंद किंवा त्याखाली येतो. दोन मिनिटांची चाचणी, कुठलंही महागडं यंत्र नको. मी हा आकडा वहीत रोजच्या तारखेपुढे लिहायला लावते.

पाणी बदलताना बशी भांड्याच्या साबणाने घासू नका. घासलीच तर गरम पाण्याने इतकी विसळा की कंटाळा येईल, शेवटी दोनदा डिस्टिल्ड पाण्याने. आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावू नका. अ‍ॅक्रिलिकला कालांतराने बारीक तडे जातात. मग बशी काठोकाठ भरून थोडं पाणी ओसंडू द्या, वरचा पापुद्रा त्याबरोबर वाहून जातो. पातळी सिरिंजने सारखी करा, बोटाने नाही. बोट तर अजिबात नाही.

पाण्याऐवजी सिलिकॉन तेल घ्यावं का, असंही विचारतात. घ्या. त्याचा पृष्ठीय ताण मुळातच कमी, २०च्या आसपास, त्यामुळे घाणीचा फरक फार पडत नाही आणि ते उडूनही जात नाही. पण मोडच्या वारंवारता नव्याने काढाव्या लागतात, आणि सांडलं तर लॅबची फरशी आठवडाभर घसरगुंडी होते. आमच्या लॅबमधल्या काकांनी त्याला कायमची बंदी घातली आहे.

पाणी आटतंय

सोलापुरात मार्च उजाडला की उघड्या बशीतलं पाणी बघता बघता खाली जातं, आणि वर पंखा फिरत असेल तर विचारूच नका. १० मिमीचं ९ मिमी झालं, म्हणजे आमच्या बशीतून जेमतेम १३ मिली पाणी उडालं, तर दोन्ही मोड सुमारे ०.१४ हर्ट्‌झने खाली येतात. पाव हर्ट्‌झच्या निम्म्याहून जास्त. तासाभराच्या नोंदीत सुरुवातीला केऑस आणि शेवटी एकच नक्षी दिसली तर ते "केऑसकडून सुव्यवस्थेकडे संक्रमण" वगैरे काही नसतं, पाणी आटलेलं असतं. हे संक्रमण एका अहवालात रंगीत आलेखासह वाचल्याचं मला आठवतंय.

पंखा बंद. बशीवर अ‍ॅक्रिलिकचं झाकण, तेही बशीला न टेकता स्वतंत्र स्टँडवर, पाण्यापासून चार-पाच सेंटिमीटर वर. झाकणाला वाफ धरली तर मोजमाप संपेपर्यंत ते थोडं तिरकं ठेवा. बशीचं वजन आधी आणि नंतर घेतलंत तर किती पाणी उडालं ते मिलिलिटरमध्ये कळतं, डोळ्याने मोजपट्टी वाचण्यापेक्षा हे बरं.

बशीची पातळीही यातच आली. एका काठाला ९.५ आणि समोरच्या काठाला १०.५ मिमी खोली असेल तर गोल बशीची सममिती गेली, आणि नक्षी नेहमी एकाच दिशेला तोंड करून बसते. गवंड्याकडची पाणसळ चालते, पण ती टेबलावर नको, बशीच्या काठावर दोन दिशांनी ठेवून बघा.

कडेची वलयं म्हणजे फॅरडे लाटा नव्हेत

आता मॅथिसनची फसगत. पाणी बशीच्या भिंतीला थोडं वर चढलेलं असतं. बशी हलली की तो बाक आकुंचन पावतो, प्रसरण पावतो आणि काठापासून मध्याकडे गोल वलयं सोडतो. ही वलयं कितीही कमी जोराला असतात, त्यांना उंबरठा नसतो, आणि त्यांची वारंवारता बशीचीच असते, निम्मी नव्हे. मुलं जोर वाढवत जातात, वलयं ठळक होत जातात, आणि "लाटा उठल्या" म्हणून उंबरठा भलताच कमी नोंदवला जातो. पुढे खऱ्या फॅरडे लाटा त्या वलयांत मिसळल्या की जी काही खिचडी होते तिला केऑस म्हणायचा मोह होतोच.

ओळखायचं कसं? स्ट्रोब (ठरावीक ठेक्याने झपकणारा दिवा) बशीच्याच वारंवारतेला लावा. वलयं गोठल्यासारखी स्थिर दिसतील. फॅरडे लाटा मात्र एका झपक्याला उंचवटा, पुढच्या झपक्याला खळगा अशा उलटसुलट दिसतील. स्ट्रोब निम्म्या वारंवारतेला आणला की त्याही गोठतात.

उपाय काठोकाठ भरण्याचा. बशीची उंची बरोबर १० मिमी, वरची कड धारदार, आणि पाणी कडेशी सपाट टेकलेलं; बाक नाही, म्हणून वलयंही नाहीत. आमच्या बशीची कड मी लेथवर करून घेतली. मात्र काठाला पाणी चिकटून बसल्यामुळे मोडच्या वारंवारता वरच्या आकडेमोडीपेक्षा थोड्या वर सरकतात. त्यामुळे १५.७ला काही उठलं नाही म्हणून घाबरू नका, थोडं वर शोधा. ती आकडेमोड ज्या सूत्राने केली ते कडेला मोकळेपणी वर-खाली होणाऱ्या पाण्याचं आहे.

स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर, जनरेटर

लाटा उठवायला लागणारी हालचाल फारच थोडी असते. स्वच्छ पाण्याला १६ हर्ट्‌झच्या आसपास काही दहा मायक्रॉन पुरतात, म्हणजे केसाच्या जाडीहून कमी. त्वरण म्हणाल तर गुरुत्वाच्या काही टक्के. म्हणून "डोळ्याला बशी हलताना दिसतच नाही, स्पीकर खराब आहे" ही तक्रार घेऊन येऊ नका. ती दिसायला लागली तर उलट तुम्ही उंबरठ्याच्या कितीतरी पुढे गेलेले असता.

सगळ्यांत दगाबाज वस्तू म्हणजे स्पीकरची कॉइल. तासभर चालली की ती तापते. तांब्याचा रोध दर अंशामागे ०.३९ टक्के वाढतो. कॉइल २५ अंशांनी तापली तर रोध जवळजवळ १० टक्के वर आणि तेवढ्याच व्होल्टेजला करंट ९ टक्के खाली. मल्टिमीटरवर व्होल्टेज जागचं हललेलं नसतं, त्यामुळे कुणाला पत्ताही लागत नाही. उंबरठ्याच्या पाच टक्के वर केऑस शोधणाऱ्या माणसाच्या पायाखालून नऊ टक्के निघून गेलेले असतात. उपाय दोन. बशी रिकामी ठेवून स्पीकर पाऊण तास आधीच चालवून गरम होऊ द्या. आणि जोर व्होल्टेजमध्ये लिहूच नका. बशीखालच्या पाटाला छोटा अ‍ॅक्सेलरोमीटर (त्वरण मोजणारा सेन्सर) चिकटवा आणि त्वरण लिहा. मोबाइल ठेवून त्याचा सेन्सर वापरायची कल्पना सगळ्यांना सुचते, पण पावणेदोनशे-दोनशे ग्रॅमचा मोबाइल ठेवल्यावर स्पीकरवरचं वजनच बदलतं, आणि तो एका बाजूला असला तर पाट डुलायला लागतो. पाट डुलला की पाण्याला आडवा धक्का बसतो, मग जे उठतं ते फॅरडेचं राहत नाही, बादली उचलून चालताना डचमळतं तसलं होतं.

ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायर २० हर्ट्‌झच्या खाली आवाज गाळायलाच बनवलेले असतात. १६ हर्ट्‌झला ते सिग्नल अडवतात, आणि जोर वाढवला की साइनचा माथा कापतात. कापलेल्या साइनमध्ये ३२, ४८ हर्ट्‌झ आलेच, आणि तेही आपापल्या लाटा उठवू बघतात. ऑसिलोस्कोपवर स्पीकरच्या टोकांचा आकार बघा, आणि शक्य असेल तर डीसीपर्यंत (शून्य हर्ट्‌झपर्यंत) जाणारा अ‍ॅम्प्लिफायर वापरा. जनरेटर बटण फिरवायचा जुना अ‍ॅनालॉग असेल तर तो कपाटातच राहू द्या. पाव हर्ट्‌झच्या खिडकीत काम करायचं तर ०.०१ हर्ट्‌झने पुढे-मागे जाणारा डिजिटल हवा.

जमिनीतून येणारे धक्के: एक कडप्प्याची लादी आणि खाली अर्धवट हवा भरलेली सायकलची ट्यूब. आमच्याकडे यापेक्षा महाग काही कधी लागलं नाही.

थांबा. अजून थांबा

ही चूक स्वभावाची आहे, यंत्राची नाही. उंबरठ्याच्या अगदी जवळ लाटा फार हळू वाढतात. पाण्याचा ऱ्हासकाळ (वरच्या विझण्याच्या चाचणीतला काळ) ४ सेकंद असेल आणि तुम्ही उंबरठ्याच्या २ टक्के वर असाल तर वाढीचा काळ पन्नासपट, म्हणजे २०० सेकंद. आणि तो एका टप्प्याचा काळ झाला. मायक्रॉनभर खळबळीपासून मिलिमीटरभर लाटेपर्यंत जायला असे सहा-सात टप्पे लागतात, वीस-पंचवीस मिनिटं. आमची मुलं दोन मिनिटं बघतात आणि "इथे काही नाही" लिहून जोर वाढवतात. पुढच्या दोन मिनिटांत जे उठतं ते मागच्या आणि या दोन्ही पायऱ्यांचं मिश्रण असतं.

जोर चढवताना आणि उतरवताना उंबरठा वेगळा येऊ शकतो, हेही लिहा. उतरताना लाटा थोड्या खालपर्यंत टिकून राहिल्या तर ते बऱ्याचदा खरंच असतं, वारंवारता मोडच्या एका बाजूला असली की तसंच होतं. मात्र चढताना पुरेसं थांबला नसाल तरीही हुबेहूब तसंच दिसतं.

मोजताय कुठे आणि कशाने

एका जोडीने लेसरचा किरण बशीच्या बरोबर मध्यातून खालच्या फोटोडायोडवर (प्रकाश मोजणाऱ्या सेन्सरवर) पाडला होता. फार सुबक जुळणी, मिलिमीटरचा फरक नाही. दोन दिवस सिग्नल सपाट. लाटा समोर उसळताहेत आणि डायोड ढिम्म! ४-३ आणि ७-२ या दोन्ही मोडना केंद्रात उंचीही नसते आणि उतारही नसतो. मध्याजवळचं पाणी सपाटच राहतं. किरण तीनचतुर्थांश त्रिज्येवर न्या. शिवाय एकाच ठिकाणी मोजू नका. ४-३ मोडच्या शांत रेषा एकमेकींपासून ४५ अंशांवर असतात. नेमक्या रेषेवर सापडलात तर एक मोड अर्धामुर्धाच दिसेल. दोन डायोड वेगवेगळ्या कोनांवर ठेवले तर दुसरीही शंका फिटते: नक्षी जागच्या जागी कमी-जास्त होतेय, की सगळीच्या सगळी हळूहळू गोल फिरतेय. एका डायोडला दोन्ही सारखंच दिसतं.

मोबाइलने व्हिडिओ काढणाऱ्यांसाठी. समजा बशी १५.८५ हर्ट्‌झला चालली आहे, म्हणजे लाटा ७.९२५ला. तुम्ही ३० फ्रेमच्या व्हिडिओतून दर चौथी फ्रेम घेतली, म्हणजे सेकंदाला साडेसात. दोघांतला ०.४२५ हर्ट्‌झचा फरक सुमारे २.४ सेकंदांच्या संथ झोक्यासारखा दिसतो. बशीत तो झोका नाहीच, तो तुमच्या फ्रेमांतून आलाय. एका अहवालात याला "मोडमधली स्पर्धा" म्हटलं होतं आणि वाचताना पाच मिनिटं मीही फसले. त्यात मोबाइलचा फ्रेम रेट प्रकाशाप्रमाणे स्वतःच कमी-जास्त होतो, मग तो झोकाही अनियमित होतो आणि केऑसचं सोंग पुरं होतं. फ्रेमना ट्रिगर देता येणारा कॅमेरा जनरेटरला जोडा, नाहीतर सरळ फोटोडायोड वापरा. दिवेही तपासा: घरच्या ५० हर्ट्‌झ विजेवरचे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि ३० फ्रेमच्या व्हिडिओत ते १० हर्ट्‌झसारखे उमटतात. बॅटरीवरचा एलईडी घ्या.

आकडा आला, पण खरा आहे का

ग्रासबर्गर आणि प्रोकाचिया यांची १९८३ची पद्धत वापरून कोरिलेशन डायमेन्शन (फेज स्पेसमधल्या आकृतीची मिती, केऑसला ती बहुधा अपूर्णांकी येते) काढायचा प्रोग्राम आता कुणालाही पाच मिनिटांत मिळतो. त्यात कुठलीही फाइल घाला, आकडा येतो. २.३ आला की मुलं पेढे वाटायला निघतात. ऑस्बोर्न आणि प्रोव्हेंझाले यांनी १९८९ मध्येच दाखवून ठेवलंय की नुसत्या यादृच्छिक पण रंगीत (ज्यात संथ बदलांचा वाटा जास्त असतो अशा) आवाजालाही असा छान अपूर्णांक येऊ शकतो. कॉइलचं तापणं आणि पाण्याचं आटणं हा असाच संथ, रंगीत आवाज आहे.

म्हणून मी तीन गोष्टी बघितल्याशिवाय सही करत नाही. एक, एम्बेडिंगची मिती (आकृती काढायला घेतलेल्या अक्षांची संख्या) वाढवत नेली तरी आकडा एका जागी थांबतो का. दोन, त्याच नोंदीचं स्पेक्ट्रम तसंच ठेवून फेज पिसून बनवलेल्या दहा-वीस खोट्या नोंदींना वेगळा आकडा येतो का, त्यांनाही २.३ आला तर पेढे परत. तीन, तासाभराच्या नोंदीचे दोन अर्ध केले तर दोघांचा आकडा जुळतो का. तिसऱ्याला गणित लागत नाही आणि निम्मे दावे तिथेच पडतात.

नोंद किती मोठी हवी? लाटांची संख्या मोजू नका, नक्ष्यांच्या संथ आवर्तनांची मोजा. आमच्याकडे एक आवर्तन १५ ते २० सेकंदांचं असतं. दोनशे आवर्तनं म्हणजे साधारण तासभर झाला. तेवढा वेळ पाणी, कॉइल आणि तापमान जागेवर ठेवायचं म्हणूनच वरचा सगळा खटाटोप. आणि १०-बिटच्या मायक्रोकंट्रोलरवर मोजत असाल तर सिग्नल आधी मोठा करा. १०२४ पायऱ्यांपैकी चाळीसच वापरात असतील तर फेज स्पेसमधली आकृती जिन्यासारखी दिसते.

सगळं तपासलं, उंबरठा तीनही वेळा जुळला, ऱ्हासकाळ ४ सेकंद, तरी केऑस नाही, असंही होतं. मग तुम्ही दोन सीमांच्या छेदाजवळ नाहीच आहात. प्रत्येक ०.०२ हर्ट्‌झला उंबरठा काढत दोन्ही मोडच्या सीमा आलेखावर उतरवा. दोन खळगे दिसतील आणि त्यांच्या मधे टोक. त्या टोकाच्या थोडं वर जा आणि तिथे बसून राहा. याला दोन पूर्ण दिवस लागतात, एका दुपारी उरकायला जाऊ नका.

आणि संध्याकाळी जाताना बशी रिकामी करून, विसळून, स्वच्छ जाळीवर उपडी ठेवा. कपड्याने पुसू नका. रात्रभर पाणी तसंच राहिलं तर सकाळी त्यावर धुळीचा पापुद्रा आणि एक-दोन चिलटं असतातच, आणि मग नऊ वाजता माझ्या दारात कुणीतरी येऊन उभं राहतं: "मॅडम, काल मस्त केऑस मिळाला होता…"